ओरडायची सोय

"अहोऽऽऽ!"

तीस गळे एकदम ओरडले आणि मी स्कूटरचा ब्रेक असा दाबला की मागचा ई-रिक्षावाला येऊन माझ्या डिकीलाच टेकला. "का होगे कका?" काय झालं काका, त्यानं छत्तीसगढीत विचारलं. "बायको बोलावून राहिली," मी म्हटलं. त्यानं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. सकाळच्या रस्त्यावर मी, तो आणि माझी दुधाची पिशवी. तेवढ्यात पुन्हा "अहोऽऽऽ!" आणि माझ्या तोंडून पुन्हा, "ओ! आलो, आलो!" त्या रिक्षावाल्यानं माझ्याकडे ज्या करुणेनं पाहिलं, तेवढ्या करुणेनं माझ्या सख्ख्या आईनंही कधी पाहिलं नव्हतं.

आवाज येत होता आमच्या कॉलनीच्या सामुदायिक भवनातून. आत पोरं कराटे करत होती. मूठ पुढे काढताना पोटातून ओरडायचं, अशी त्या विद्येची रीत. कोणी "हाई" ओरडतं, कोणी "ईया". पण नवऱ्याला हाक मारून ठोसा हाणणारी कराटेची शाळा पृथ्वीच्या पाठीवर एकच, ती इथं रायपुरात, तेलीबांध्याच्या तलावामागे. मी जपानात जाऊन खात्री केलेली नाही हे खरं. पण जपानी तरी कुठं इथं येऊन पाहून गेले? बरं, या तीस पोरांतल्या एकालाही "अहो" म्हणजे काय ते ठाऊक नाही. त्यांच्या मते तो जपानी शब्द आहे.

म्हणजे आला तो मोसम. परीक्षा संपल्या, विजेच्या खांबांवर समर कॅम्पचे फ्लेक्स लागले, त्यांवर उंच लाथ मारणारी तीच ती पोट्टी. गुलमोहर लालभडक. आणि मे संपता संपता तो नवतपा, नऊ दिवसांची भट्टी. रायपूरचा नवतपा ज्यानं पाहिला नाही त्यानं उन्हाबद्दल माझ्याशी बोलू नये. आमच्याकडे दुपारी नळाला पाणी येत नाही, चहा येतो. फक्त साखर-पत्ती टाकायची. कावळे एकमेकांच्या सावलीत बसतात, आणि सावली कोणाची यावरून भांडतात. माझे मात्र उन्हाळा लागला की घाम फुटायच्या आधी कान टवकारले जातात. हे कुंदामुळं. कुंदा म्हणजे माझी बायको, आणि ही सारी कथा तिच्या आवाजाची.

तो आवाज! ज्यानं ऐकला नाही त्याला सांगून पटणार नाही, तरी सांगतो, कारण न सांगता राहणं माझ्या प्रकृतीला मानवत नाही. आम्ही पहिले शंकर नगरात दुसऱ्या मजल्यावर राहायचो. संध्याकाळी मी चौकातल्या पानठेल्यावर उभा असायचो. गच्चीवरून हाक यायची, "अहोऽऽ! पोळ्या थंड होऊन राहिल्याऽऽ!" माझ्यासोबत आणखी दोन-तीन मराठी माणसं निमूट घरी निघायची, कारण "अहो" कोणाचाही असू शकतो, धोका कशाला घ्या? मग या कॉलनीत आलो, तर तेलीबांध्याच्या तलावातली बदकं माना वर करायची. उरल्याच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका ट्रकवाल्यानं सळ्यांनी भरलेला ट्रक जागीच उभा केला होता म्हणे. हे मी स्वतः पाहिलेलं नाही, पण ट्रकवाला खोटं कशाला बोलेल?

आणि मी, सांगायला काय हरकत आहे, त्या काळी रोज देवाकडे थोडी शांतता मागायचो.

मिळाली. काही वर्षांमागच्या एका हिवाळ्यात तिच्या थायरॉइडची गाठ काढली. गाठ साधीच निघाली, आम्ही पेढे वाटले. पण आवाजाची नस दुखावली होती. शुद्धीवर येऊन कुंदानं पहिला शब्द काढला तो वाऱ्यासारखा निघून गेला, मागे काहीच राहिलं नाही. अशा ऑपरेशनात होतं असं कधी कधी, डॉक्टर म्हणाले. नस रुसते, आपली आपण परतते. दिवाळीपर्यंत वाट पाहू. "आणि नाही परतली तर?" मी विचारलं. डॉक्टर टेबलावरची पेनं सरळ करू लागले.

हिवाळाभर निभलं. काही सांगायचं असलं की ती माझ्या कानाशी यायची आणि कुजबुजायची. लग्नाच्या पहिल्या वर्षीही ती इतक्या जवळ येऊन बोलली नव्हती. मुलगी पल्लवी म्हणाली, "मम्मी, आप मैसेज कर दिया करो ना." आमची पोट्टी मराठी सारं समजते आणि उत्तर हिंदीत देते. मग स्वयंपाकघरातून माझ्या मोबाइलवर टिंग वाजायचं. पोळ्या थंड होऊन राहिल्या. मी वाचलं की तिच्याकडे दोन निळ्या खुणा. मी तो मोबाइल हातात घेऊन बसायचो आणि पोळ्या खरंच थंड होऊन जायच्या.

मग एप्रिल आला आणि कूलर खाली उतरला. आमचा कूलर लोखंडी, जुना, म्हशीएवढा. त्याला वाळ्याची ताटी लावली की पहिल्या दिवशी घरभर ओल्या मातीचा असा वास सुटतो की तोंडात टाकावासा वाटतो. पण आवाज! तो सुरू झाला की वाटतं, अंगणात विमान उतरून राहिलं. एकदा शेजारचे कका बॅग भरून बाहेर येऊन उभे राहिले होते. आता बाहेर चव्वेचाळीस-पंचेचाळीस, आत हे विमान, आणि त्यात कुंदाची कुजबुज. मग आमची अशी रीत ठरली: बोलायचं असलं की तिनं हात वर करायचा. मी उठून कूलर बंद करायचा. ती बोलायची. मग मी कूलर सुरू करायचा. कूलर बंद झाल्याच्या दुसऱ्या क्षणी पंख्यातून आग पडायची, आणि त्या आगीत माझ्या कानाशी येऊन ती सांगायची, "दही आणा."

सुरुवातीला आम्ही हसायचो. मग तिनं बोलणं वाचवायला घेतलं. दह्यासाठी काय माणसाला भाजायचं, म्हणून दही राहिलं. मग चिंच राहिली. मग शेजारच्या साहू भाभीकडे काय झालं तेही राहिलं, जे याआधी कधीही राहिलं नव्हतं. एक दिवस माझ्या लक्षात आलं की दुपार सरली आणि कूलर एकदाही बंद झाला नाही. ती पलंगावर बसून वाळ्याच्या ताटीवरून ओघळणारं पाणी पाहत होती. मी ओरडून विचारलं, "काही पाहिजे काय?" तिनं मान हलवली. माणसाचा आवाज जातो तेव्हा तो मुका होत नाही. तो हात वर करेनासा होतो तेव्हा होतो.

परतवाड्याला तिची आई. वय झालेलं, कान गेलेले. तिला आमच्या घरचं एकच ऐकू यायचं, कुंदाचं ओरडणं. आता फोनवर कुंदा माझ्या कानात कुजबुजायची आणि मी पुढं ओरडायचो, "आई, कुंदा म्हणते, तब्येत बरी आहे!" थोडंफार माझ्या पदरचंही घालायचो, "जावई लय काळजी घेतात म्हणते!" तिकडून म्हातारी संतापायची, "जावईबापू, पोरीले बोलू द्या न जी! काहून तिच्या हातून फोन हिसकता?" कुंदा खिडकीकडे तोंड करून उभी राहायची. ऑपरेशनचं आईला सांगितलं नव्हतं. आवाज आल्यावर सांगू, असं ठरलं होतं.

मग डॉक्टरांनी सुचवलेली आवाजाची थेरपिस्ट पोरगी भेटली, चष्मा लावलेली, बारीकशी. ती म्हणाली, भिंतीला दोन्ही तळहात लावा, जोरानं ढकला आणि ढकलताना "आ" म्हणा. पोटातून. गळा ताणला की तिथंच थांबायचं. घरी येऊन कुंदानं बैठकीची भिंत ढकलली. आवाज निघाला तो सायकलच्या पंक्चरसारखा. ती तशीच भिंतीला हात लावून उभी राहिली. मग कानाशी येऊन म्हणाली, "या गल्लीनं माझा आवाज ऐकला आहे. तिले हे नाही ऐकवायचं मले." आणि भिंत सुटली.

ती कराटेपर्यंत कशी पोचली, तर त्या फ्लेक्समुळं. एका संध्याकाळी स्कूटरवर मागे बसलेली असताना तिनं माझ्या पाठीत बोट खुपसलं आणि खांबावरच्या त्या लाथ मारणाऱ्या पोट्टीकडे दाखवलं. मला वाटलं, भाचीसाठी विचारते. म्हटलं, "कोणाले?" तिनं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. माझा तोल जाऊन आम्ही दोघं नालीत जायचे वाचलो. थेरपिस्ट पोरीला विचारलं, तर ती आधी हसली, मग गंभीर झाली आणि म्हणाली, "ढकलणं आणि ओरडणं, हेच तर मी सांगितलं होतं. पण गळा ताणू नका."

मग आमची शोधयात्रा. ज्यूडोच्या हॉलमध्ये पोरं एकमेकांना गादीवर आपटत होती. धप्प, धप्प. ऐकायला फार छान वाटलं, आपटला जाणारा मी नव्हतो म्हणून. तिथल्या मास्तरांनी विचारलं, "मैडम का गोल क्या है? वेट लॉस? कॉन्फिडेन्स? सेल्फ डिफेन्स?" मी म्हटलं, "मॅडमले डाकू पकडायचे आहेत." कुंदानं मला कोपर मारलं. खरं सांगतो, त्या कोपराला तिथंच काळा पट्टा द्यायला हवा होता. मग माझ्या कानाशी, "यांले विचारा, इथं ओरडतात का?" मी विचारलं. मास्तर दुखावले. "नहीं नहीं सर, हमारे यहाँ पूरी शांति रहती है." कुंदा चपला घालून बाहेर.

तलावाकाठी पहाटे काही निवृत्त मंडळी एक संथ चिनी प्रकार करत. इतका संथ की एकाचा हात वर जाईपर्यंत त्याच्या खांद्यावर चिमणीनं अर्धं घरटं बांधलं. कोणी हूं की चूं नाही. "इथं तर सारेच माझ्यासारखे," कुंदा कुजबुजली. लाठीच्या आखाड्यात मात्र ओरडा भरपूर होता, भिंती हलायच्या. मी खूश. पण तिथं एकेकानं मधोमध यायचं आणि बाकीच्यांनी गोल करून पाहायचं. कुंदानं त्या गोलाकडे पाहिलं आणि मान हलवली. "काहून? आवाज तर आहे!" "आहे," ती म्हणाली. एवढंच. मला काही कळलं नाही, आणि न कळलेल्या गोष्टीवर मी घरी येईपर्यंत बोलत राहिलो.

शेवटी घरामागचं हे भवन. कराटेचे सर उरल्याला रोलिंग मिलमध्ये शिफ्टला जाणारे, छत्तीसगढी, ठेंगणे. मिलमध्ये यंत्रापुढं बोलायचं म्हणजे ओरडायचंच, म्हणून ते "पानी दे" सुद्धा असं म्हणत की देणाऱ्याच्या हातून ग्लास पडे. त्यांनीही विचारलं, "दीदी का गोल क्या है?" मी तोंड उघडलं, पण कुंदानं माझा दंड धरला, सरांजवळ गेली आणि आपली आपण कुजबुजली. "मले ओरडायचं आहे." सरांनी आश्चर्य वगैरे काही दाखवलं नाही. "हव," ते म्हणाले. "कल सुबह आ जाओ."

पांढऱ्या ढगळ पोशाखात, कुंकू लावून, मंगळसूत्र आत खोचून, मागच्या रांगेत कुंदा उभी राहिली. तिच्या कमरेएवढी पोरं पुढे. मी भिंतीशी प्लास्टिकच्या खुर्चीवर. "हाई" तिच्या तोंडी बसेना. सर म्हणाले, "दीदी, जो मुँह में आए वही बोलो." तिच्या तोंडात काय येणार? एवढी वर्षं जे पोटातून, गच्चीवरून, पूर्ण ताकदीनं निघत आलं तेच. "अहो!" म्हणजे ओठ तसे हलले, आवाज नव्हताच, हवा होती.

दोन-चार दिवसांनी सरांनी चांगल्या मनानं एक गोष्ट केली. टाळी वाजवली. "सब चुप! अब सिर्फ दीदी." तीस पोरं वळून पाहू लागली. हॉल इतका शांत झाला की पंख्याची कुरकुर ऐकू आली. कुंदानं मूठ मारली. "अ..." आणि पुढे पंक्चर. एक पोट्टी खुदकन हसली, वाईट हेतूनं नाही, पोरं हसतातच. कुंदा वाकून नमस्कार करून बाहेर गेली. मी मागे धावलो. ती स्कूटरवर बसलेली. "अगं, लहान पोरं ती..." तिनं माझा कान धरून जवळ ओढला. "मी इथं आवाज ऐकवायले नाही आली," ती म्हणाली. "लपवायले आली."

तेव्हा मला तो आखाड्यातला गोल समजला. ज्यूडोतली शांतता समजली, बैठकीची भिंतही समजली. मी गावभर फिरून तिच्यासाठी असा हॉल शोधत होतो जिथं तिचा आवाज घुमेल. ती शोधत होती असा कल्लोळ, ज्याच्या खाली तिचा मोडका आवाज रोज बसून थोडा थोडा दुरुस्त होईल आणि कोणाच्या लक्षातही येणार नाही. त्या फ्लेक्सवर काय काय लिहिलं होतं. वजन कमी होईल, शिस्त येईल, परीक्षेत गुण वाढतील. तुटलेली वस्तू चार लोकांत न दाखवता जोडायची सोय आहे, असं कुठंच लिहिलं नव्हतं.

मी आत जाऊन हे सरांना सांगितलं, काहीही न वाढवता. माझ्या आयुष्यातला तो एकमेव प्रसंग. सरांनी डोकं खाजवलं. "हव भैया," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं, "तीस 'हाई' में एक 'अहो' अलग सुनाई देता है. आज से सब 'अहो' बोलेंगे." एका पोरानं हात वर केला, "सर, ये क्या होता है?" सर म्हणाले, "एडवांस है." झालं! पोरांच्या अंगात वारं शिरलं. "अहोऽऽऽ!" पहिल्या गर्जनेला मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो. दुसरीला "काय?" विचारलं. तिसरीपासून सवयीनं नुसता दचकत राहिलो. इतक्या बायकांनी इतक्या संतापानं एका नवऱ्याला हाक मारल्याचं पुराणांतही सापडणार नाही. आणि मागच्या रांगेत, त्या गदारोळाच्या पांघरुणाखाली, कुंदाची मूठ पुढे जात होती आणि तोंड उघडत होतं. तिच्याकडे कोणीच पाहत नव्हतं. तिचा चेहरा किती महिन्यांनी सैल झाला होता.

मग रोज तेच. पहाटे ती बासी, म्हणजे रात्रभर पाण्यात भिजवलेला भात, कांदा आणि ताक घेई, गळ्याला थंड वाटतं म्हणून. भवनात घामाचा, धुतलेल्या जाड कापडाचा, उन्हानं तापायला लागलेल्या पत्र्याचा वास. मी डोळे मिटून बसायचो आणि तीस "अहो" बाजूला सारत एक शोधायचो. एप्रिलचे उरलेले दिवस गेले. मिळाला नाही. मेचा पहिला पंधरवडा सरला. एक दिवस वाटलं, एक जाडसर धागा त्यात आहे, जुन्या ओळखीचा. दुसऱ्या दिवशी तो नव्हता. ही गोष्ट मी कोणालाच सांगितली नाही. मला ओळखणाऱ्यांना कळेल की माझी अवस्था काय असेल. आतून दिवाळी मोजत होतो आणि बाहेरून तिला म्हणत होतो, "तुझी लाथ आता कमरेपर्यंत चालली, पंख्याले लागेल लवकरच."

आणि तो नवतपा. बाहेर डांबर पायाला चिकटत होतं. दुपारी मी अंगणात कूलरच्या मागे उभा राहून पाइपनं टाकीत पाणी भरत होतो. कूलर पूर्ण वेगात, शेजारी मोटर सुरू. डोक्याला ओला गमछा बांधला होता आणि मी उभ्या उभ्या बहुधा झोपलो होतो. टाकी भरून पाणी पायांवरून वाहत होतं, मला तेही बरं वाटत होतं.

"अहोऽऽऽ!"

मी म्हटलं, कॅम्पची पोरं. मग आठवलं, कॅम्प सकाळी असतो.

"अहोऽऽ! टाकी वाहून राहिलीऽऽ! झोपले का उभ्यानं?"

विमानावरून, मोटरवरून, वाळ्याच्या ओल्या ताटीतून आरपार आला तो. पहिल्यासारखा नव्हता. त्याला एक खरखर होती, नव्या कापडाला असते तशी. पण होता! मी शपथेवर सांगतो, तलावातली बदकं त्या क्षणी पाण्यात उभी राहिली. शेजारचे कका बॅग न घेताच बाहेर आले. माझ्या हातून पाइप सुटला आणि अंगणभर सापासारखा नाचू लागला. मी तसाच ओल्या पायांनी आत धावलो आणि आधी, सवयीनं, कूलर बंद केला.

घर एकदम शांत झालं. कुंदा पलंगाशी उभी होती, कमरेवर हात ठेवून. स्वतःच्या आवाजानं तीच थोडी दचकलेली.

"बोल," मी म्हटलं. "पुन्हा बोल. काहीही बोल." आता मीच कुजबुजत होतो. "कुंदा, आता आईले फोन लाव. तू लाव. मी मधात नाही बोलत."

तिनं माझ्याकडे पाहिलं. माझ्या ओल्या पायांकडे, फरशीवरच्या चिखलाकडे, बंद केलेल्या कूलरकडे. मग पदरानं मान पुसली.

"लावते," ती म्हणाली. "पहिले कूलर सुरू करा."